ड्राफ्टआधी क्वार्टरबॅकची फेक कशी पारखायची? जॉश ॲलनच्या वादापासून दर वर्षी विचारले जाणारे प्रश्न

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजातले खेळाडू क्रमाने निवडण्याची प्रक्रिया, एप्रिलच्या अखेरीस होतो. त्याआधीचे तीन महिने अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये एकच वाद रंगतो: कॉलेजातून येणाऱ्या अमुक क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, फेकता येतं का? २०१८ साली वायोमिंग विद्यापीठाच्या जॉश ॲलनवरून हा वाद झाला तेव्हा एक बाजू त्याच्या हाताची ताकद दाखवत होती आणि दुसरी त्याच्या पूर्ण पासांची कमी टक्केवारी. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, आणि तरीही एकमेकांशी त्यांचं पटत नव्हतं. असं का होतं, ते समजलं की पुढच्या प्रत्येक नव्या नावाकडे नीट बघता येतं. म्हणून बहुतेक उत्तरांत ॲलन येईल.

‘फेक चांगली आहे’ म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी असतात. पहिली ताकद, म्हणजे चेंडू किती वेगाने आणि किती सपाट जातो. दुसरी अचूकता: चेंडू रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, अंगाशी नेमका कुठे पोचतो. तिसरी वेळ, म्हणजे रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू हातातून सुटतो की तो मोकळा दिसल्यावर. आणि चौथी गोष्ट म्हणजे पाय. मागून दाब आला, पाय विस्कटले, तरी पहिल्या तीन गोष्टी टिकतात का?

वाद पेटतो तेव्हा एक जण पहिलीबद्दल बोलत असतो आणि दुसरा दुसरीबद्दल. क्रिकेट बघणाऱ्यांना हे चटकन कळेल. सीमारेषेवरून यष्टिरक्षकापर्यंत सपाट थ्रो येणं वेगळं आणि थेट यष्ट्यांवर लागणं वेगळं. फुटबॉलमध्ये तर यष्ट्या पळत असतात, आणि टप्पा पडला की पास वाया.

ताकद किती लागते? ५५ मैलांचा आकडा खरा मानायचा का?

इंडियानापोलिसला होणाऱ्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात, रडारने फेकीचा वेग मोजतात. ताशी ५५ मैल, म्हणजे जवळपास ८९ किलोमीटर, ही वेस बरेच जण धरतात. ॲलनचा वेग ६२ मैलांच्या घरात नोंदला गेला होता. ही वेस पास-नापासाची रेघ म्हणून वापरू नका, पण वेगाने मैदानावर काय फरक पडतो ते हिशेबाने बघण्यासारखं आहे.

उदाहरणाला आउट रूट, म्हणजे रिसीव्हरने पळायचा एक ठरलेला मार्ग, घेऊ. रिसीव्हर १५ यार्ड सरळ पळतो आणि बाहेरच्या रेषेकडे काटकोनात वळतो. चेंडू पलीकडच्या हॅश मार्कवर (मैदानाच्या मधल्या खुणांच्या दोन रांगांपैकी दूरच्या रांगेवर) आहे आणि क्वार्टरबॅक सात यार्ड मागे उभा आहे. कॉलेजात दोन हॅशमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये फक्त १८ फूट ६ इंच. त्यामुळे पलीकडच्या हॅशपासून बाहेरची रेषा कॉलेजात सुमारे ३३ यार्डांवर असते, एनएफएलमध्ये ३० यार्डांच्या किंचित आत. रिसीव्हर रेषेच्या तीन यार्ड आत चेंडू पकडणार असेल तर हवेतलं अंतर कॉलेजात साधारण ३७ यार्ड होतं आणि एनएफएलमध्ये ३४-३५. म्हणजे हा पास कॉलेजातच जास्त लांबचा असतो. ‘कॉलेजात सगळं सोपं असतं’ असं सरसकट म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

३७ यार्डांना सरासरी ५० मैल वेगाने दीड सेकंद लागतो आणि ५५ मैल वेगाने जवळपास १.४ सेकंद. फरक सेकंदाच्या सातव्या भागाएवढा. पण रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, म्हणजे कॉर्नरबॅक, सेकंदाला आठ यार्ड पळतो, त्यामुळे तेवढ्यात तो एक यार्ड पुढे येतो. एक यार्ड म्हणजे त्याचा हात चेंडूपर्यंत पोचणं किंवा न पोचणं.

याउलट आठ-दहा यार्डांच्या मधल्या पासाला ६२ मैलांची गरज नसते. तिथे कडक फेक रिसीव्हरच्या हातातून निसटते, आणि ॲलनच्या कॉलेजच्या चित्रणात हेही दिसायचं.

पूर्ण झालेल्या पासांची टक्केवारी कितपत खरी?

रिसीव्हरने झेलला तो पास पूर्ण झाला असं धरतात. ही टक्केवारी नुसती बघितली तर फसवते. ॲलनची वायोमिंगमधली टक्केवारी ५६ च्या आसपास होती, २०१६ आणि २०१७ दोन्ही मोसमांत. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या क्वार्टरबॅकसाठी हा आकडा कमी आहे आणि त्यावर बोट ठेवणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. पण २०१६ च्या संघातले रिसीव्हर टॅनर जेंट्री, टाइट एंड जेकब हॉलिस्टर आणि रनिंग बॅक ब्रायन हिल २०१७ मध्ये नव्हते. शिवाय वायोमिंगच्या आक्रमणात सोप्या छोट्या पासांवर आकडा फुगवायची सोय फारशी नव्हती. दुसऱ्या टोकाला २०२० मध्ये अलाबामाचा मॅक जोन्स आणि २०२३ मध्ये ऑरेगनचा बो निक्स, दोघंही ७७ टक्क्यांच्या पुढे गेले. तेवढ्यावरून ते ॲलनपेक्षा २० टक्के जास्त अचूक ठरत नाहीत.

मग आकडा स्वच्छ कसा करायचा?

कागदावर किंवा एक्सेलमध्ये तक्ता करा. प्रत्येक पासाला एक ओळ आणि पुढचे रकाने: चेंडू हवेत किती यार्ड गेला, कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक) आणि किती अंतर हवं होतं, दाब होता का, पाय स्थिर होते का, रिसीव्हर किती मोकळा होता, चेंडू कुठे पोचला, निकाल काय.

मुद्दाम बाहेर फेकलेले, घड्याळ थांबवायला जमिनीवर मारलेले आणि समोरच्या बचावफळीतल्या लाइनमनच्या हाताला लागून पडलेले पास एकूण संख्येतून वजा करा. रिसीव्हरच्या हातातून सुटलेले पास पूर्ण झालेल्यांत मिळवा. समजा ३० पैकी १८ पूर्ण झाले. तीन बाहेर फेकले, एक जमिनीवर मारला, दोन हाताला लागून पडले, दोन रिसीव्हरने सोडले. म्हणजे २४ पैकी २०, आणि ६० टक्क्यांचे ८३ झाले. आता दुसरा क्वार्टरबॅक घ्या. त्याचे ३० पैकी २१ पूर्ण, म्हणजे ७० टक्के. पण त्यातले नऊ स्क्रीन पास, म्हणजे अगदी जवळचे सोपे पास, होते आणि नवाच्या नऊ पूर्ण झाले. ते वगळले की २१ पैकी १२ उरतात, म्हणजे ५७ टक्के.

‘चेंडू कुठे पोचला’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा. झेल घेतला गेला म्हणजे फेक अचूक होती असं नाही. आडव्या पळणाऱ्या रिसीव्हरला चेंडू पुढच्या खांद्यासमोर मिळाला तर तो वेग न मोडता पुढचे दहा यार्ड काढतो. तोच चेंडू मागच्या कमरेशी आला तर त्याला थांबून वळावं लागतं. झेल होतो, आकड्यात पूर्ण पास लिहिला जातो आणि दहा यार्ड गेलेले असतात. म्हणून तीन खुणा ठेवा: वेग न मोडता झेलता आला, अंग वळवून झेलावा लागला, झेलण्याजोगा नव्हता.

चार-पाच सामने तरी भरा. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण एका सामन्यात दहा यार्डांपलीकडचे पास आठ-दहाच असतात आणि दोन झेल सुटले की टक्केवारी कोलमडते.

फेकीचं तंत्र बघताना डोळा कुठे ठेवायचा?

चेंडूवर ठेवू नका. आधी पाय, मग कंबर, मग खांदा आणि शेवटी हात. ताकद जमिनीकडून वर येते. मागचा पाय जमिनीला रेटतो, कंबर वळते, तिच्या मागून खांदे, मग कोपर, शेवटी मनगट आणि तर्जनी. हा क्रम मोडला की चेंडू कुठे चुकणार हे बरंचसं आधीच सांगता येतं.

पुढचं पाऊल फार लांब पडलं तर धड मागे राहतं, चेंडू लवकर सुटतो आणि रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. ॲलनच्या उंच गेलेल्या कित्येक फेकी अशाच होत्या. पाऊल लक्ष्याच्या दिशेने न पडता आडवं पडलं तर कंबर अडकते, फेक नुसत्या हाताची उरते आणि लांबच्या पासात चेंडू शेवटच्या पाच यार्डांत दम सोडतो. दाबाखाली मागच्या पायावर भार ठेवून फेकलं की चेंडू तरंगतो आणि सेफ्टीला, म्हणजे सगळ्यांत मागच्या बचावपटूला, त्याच्याखाली येऊन उभं राहायला वेळ मिळतो. कोपर खांद्याच्या खाली गेलं तर चेंडू लाइनमनच्या हातांच्या उंचीवरून निघतो.

हे यूट्यूबवर तपासता येतं. चित्र थांबवा आणि कीबोर्डवरची पूर्णविरामाची कळ दाबा, एक फ्रेम पुढे जाते. स्वल्पविरामाची कळ दाबली की एक मागे. एकच आउट पास असा सोडवून बघा. मागचा पाय रोवला ती फ्रेम आणि पुढची टाच टेकली ती फ्रेम पकडा. टाच टेकली तेव्हा छाती अजून बाजूला वळलेली असेल आणि कंबर वळायला लागलेली असेल, तर क्रम बरोबर आहे. छाती आधीच समोर उघडली असेल तर पुढची फेक हाताच्या जोरावर आहे. चेंडू सुटल्यावर तळवा बाहेरच्या बाजूला वळून अंगठा खाली गेलेला दिसला पाहिजे. चेंडू डगमगत गेला तर बहुधा तो तर्जनीवरून शेवटी सुटलेला नसतो.

वेगाचा अंदाजही असाच येतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रणात ३० यार्डांचं अंतर ३६ फ्रेममध्ये कापलं तर १.२ सेकंद, म्हणजे सरासरी ताशी ५१ मैल. एका फ्रेमच्या चुकीने दीड मैल इकडेतिकडे होतं, आणि हवेच्या विरोधामुळे ही सरासरी हातातून सुटतानाच्या वेगापेक्षा कमीच येते. रडारच्या आकड्याशी तिची तुलना करू नका.

ॲलन सुधारला. मग कमी टक्केवारीचा प्रत्येक जण सुधारेल का?

नाही. ‘ॲलनचंच बघा ना’ हे वाक्य २०२० नंतर दर ड्राफ्टला ऐकू येतं आणि त्याने बरंच नुकसान केलंय.

बफेलो या एनएफएल संघाने टँपा बे संघाशी सौदा करून बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर येऊन त्याला घेतलं. पहिल्या मोसमात त्याची टक्केवारी ५२.८ होती, दुसऱ्यात ५८.८, तिसऱ्यात ६९.२. पुढे २०२४ च्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. यामागे काय होतं? मोसमांच्या मधल्या काळात खासगी प्रशिक्षक जॉर्डन पामरबरोबर पायांवर आणि फेकीच्या क्रमावर केलेलं काम. आक्रमणाचा प्रशिक्षक ब्रायन डेबॉलच्या हाताखाली सलग एकाच पद्धतीने खेळायला मिळणं. आणि २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ससारखा रिसीव्हर. यातली एक गोष्ट जरी नसती तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

आता दुसरी बाजू. काइल बोलर गुडघ्यावर बसून ५० यार्डांच्या रेषेवरून गोलपोस्टमधून चेंडू काढायचा. कॉलेजात त्याची टक्केवारी ५० च्याही खाली होती. २००३ मध्ये बाल्टिमोरने त्याला १९ व्या क्रमांकावर घेतलं आणि तो भरवशाचा क्वार्टरबॅक झाला नाही. जेक लॉकर वॉशिंग्टन विद्यापीठातून ५४ टक्क्यांवर आला, २०११ मध्ये टेनेसीने त्याला आठवा घेतला, आणि चार मोसमांनंतर तो निवृत्त झाला. हात दोघांचेही दमदार होते.

आमचं मत असं: चुकीचं कारण एकच आणि पायांत असेल, आणि पाय जागेवर असतात तेव्हा तोच मुलगा चेंडू नेमका टाकत असेल, तर दुरुस्तीची आशा धरावी. पाय जागेवर, समोर दाब नाही, रिसीव्हर मोकळा, आणि तरीही चेंडू कधी वर, कधी मागे, कधी पायाशी जात असेल, तर धरू नये. ॲलनच्या चुका पहिल्या प्रकारच्या जास्त होत्या. दाब नसलेले आणि पाय स्थिर असलेले पास वेगळे काढून मोजले की हा फरक तक्त्यात स्वच्छ दिसतो.

हात विचित्र फिरतो, रिलीज (चेंडू सोडायची पद्धत) वेगळी आहे. हा दोष मानायचा का?

दिसायला कशी आहे त्यापेक्षा किती वेळ लागतो ते बघा. चेंडू मागे जायला लागल्यापासून हातातून सुटेपर्यंत ०.४ सेकंद, म्हणजे ३० फ्रेमच्या चित्रणात १२ फ्रेम, हे ठीक. १५-१६ फ्रेम लागत असतील तर काळजीचं आहे. फिलिप रिव्हर्सची फेक खांद्याजवळून ढकलल्यासारखी दिसायची, पण चेंडू झटकन सुटायचा, आणि २००४ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवड झालेला हा माणूस वर्षानुवर्षं खेळला. टिम टिबो मात्र चेंडू कमरेपर्यंत खाली नेऊन मग वर आणायचा. तेवढ्यात कॉर्नरबॅकला फेकीची दिशा कळायची. त्याने ड्राफ्टआधी ही सवय मोडायचा प्रयत्न केला, पण सामन्याच्या दाबाखाली जुनं वळण परत आलं. एनएफएलमध्ये त्याची टक्केवारी ४८ पर्यंतही पोचली नाही. वर्षानुवर्षं हातात मुरलेलं वळण दोन महिन्यांत जात नाही.

पॅट्रिक माहोम्सच्या वेगवेगळ्या कोनांतून फेकण्यालाही २०१७ मध्ये बेशिस्त म्हटलं गेलं. तो कोन बदलायचा, पण चेंडू वेळेवर सुटायचा. कॅन्सस सिटीने सौदा करून त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं. ती जागा बफेलोने सोडली होती. त्याच बफेलोने पुढच्या वर्षी ॲलन घेतला.

हाताच्या पंजाचं माप इतकं का चघळतात?

ताणलेल्या अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजतात. आपल्याकडे त्याला वीत म्हणतात. नऊ इंच ही रूढ वेस आहे. जो बरोची वीत नेमकी नऊ इंच भरली आणि तो २०२० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. केनी पिकेटची साडेआठ भरली, तरी २०२२ मध्ये पिट्सबर्गने त्याला विसावा घेतला. तो दोन्ही हातांत हातमोजे घालून खेळतो. ॲलनची दहा इंचांहून थोडी जास्त.

कारण चेंडूत आहे. एनएफएलचा चेंडू ११ ते सव्वाअकरा इंच लांब, १४ ते १५ औंस वजनाचा आणि साडेबारा ते साडेतेरा पीएसआय हवेचा असतो. पावसात किंवा कडाक्याच्या थंडीत तो निसरडा आणि टणक होतो. लहान पंजाचा तोटा मोठ्या फेकीपेक्षा खोट्या फेकीत जास्त दिसतो: हात पुढे नेऊन थांबवताना चेंडू सुटतो. म्हणून माप बघून थांबू नका. ओल्या मैदानावरचे सामने काढा आणि हातातून सुटलेले चेंडू मोजा.

प्रो डेला सगळे पास नेमके पडले. आता तरी शंका मिटली ना?

प्रो डेला, म्हणजे विद्यापीठातच संघांच्या निरीक्षकांसमोर होणाऱ्या चाचणीच्या दिवशी, पास आधी ठरवलेले असतात, रिसीव्हर ओळखीचे असतात आणि समोर बचाव नसतो. तिथून वेग आणि पायांची ठेवण कळते, वेळेबद्दल काहीच कळत नाही. २०२१ मध्ये झॅक विल्सनने डावीकडे पळत, अंगावरून उलटा फेकलेला लांब पास सगळीकडे फिरला. जेट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि एनएफएलमध्ये तो साधे, वेळेवर टाकायचे पासच चुकवत राहिला. वाईट प्रो डेलाही तेवढंच जपून घ्या. २०१४ मध्ये टेडी ब्रिजवॉटरने नेहमीचा हातमोजा न घालता फेकलं, चेंडू इकडेतिकडे गेले आणि तो पार ३२ व्या क्रमांकापर्यंत घसरला. सामन्यांत तो हातमोजा घालूनच खेळत आला होता. त्या एका तासाला सामन्यांपेक्षा जास्त वजन दिलं गेलं, हे आम्हाला आजही पटत नाही.

पळणाऱ्या क्वार्टरबॅकची फेक कमी लेखली जाते का?

हो. २०१८ मध्ये लमार जॅक्सनला रिसीव्हर करा असा सल्ला जाहीरपणे दिला गेला. लुईव्हिलमध्ये त्याची टक्केवारी ५७ होती, म्हणजे ॲलनपेक्षा किंचित जास्तच. तरी एकाला सातवा क्रमांक मिळाला आणि दुसऱ्याला ३२ वा. जॅक्सनचे दोन्ही पाय फार जवळ असायचे आणि त्यामुळे बाहेरच्या रेषेकडचे पास चुकायचे, हा दोष खरा होता. पण मधल्या पट्ट्यातले त्याचे पास पॉकेटमध्ये, म्हणजे आपल्या रक्षकांच्या आडोशाला, उभं राहून, वेळेवर टाकलेले होते. ते न बघताच पुष्कळांनी मत बनवलं. २०१९ मध्ये ३६ टचडाउन पास देऊन तो लीगमध्ये पहिला आला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला एकमताने मिळाला.

हवामान आणि उंचीचा फरक धरायचा का?

लांबच्या फेकीला धरा. वायोमिंगचं मैदान समुद्रसपाटीपासून ७,२२० फुटांवर आहे, आपल्या कळसूबाईच्या शिखराहून साडेपाचशे मीटर उंच. तिथली हवा साधारण एक पंचमांश विरळ असते आणि लांबचा चेंडू जरा पुढे जातो. तिथल्या ६५ यार्डांच्या फेकीने लगेच भारावून जाऊ नका. पण त्याच मैदानावर वाराही घोंघावतो, आणि बफेलोत थंडीच्या दिवसांत खेळायला तो अनुभव उपयोगी असतो.

भारतातून ड्राफ्ट कधी दिसतो?

पहिली फेरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी रात्री आठला सुरू होते. आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. एकूण सात फेऱ्या तीन दिवसांत होतात.

एकच सामना बघायला वेळ असेल तर कोणता निवडावा?

हरलेला निवडा. प्रतिस्पर्धी त्या मोसमात त्याला भेटलेला सर्वांत तगडा बचाव असावा. त्यातही तिसऱ्या डाउनला सात किंवा जास्त यार्ड हवे असतानाचे पास आधी बघा, कारण तिथे बचावाला पास येणार हे माहीत असतं आणि स्क्रीन पासाने काम भागत नाही. ॲलनचा २०१७ मधला आयोवाविरुद्धचा सामना असाच आहे. प्रत्येक पास दोनदा बघा: एकदा चेंडूकडे न बघता फक्त पायांकडे, आणि दुसऱ्यांदा चेंडू रिसीव्हरच्या अंगाशी कुठे आला तिकडे.